फुल्या मारल्यात तिथं सह्या करा, काका

माझ्या गाडीचं कुलूप कोणी तोडलं नाही. शेडचं दार मी उघडलं, किल्ली मी दिली, गाडी ट्रकवर चढेना तेव्हा मागून धक्काही मीच मारला. वर ‘सावकाश न्या रे’ म्हणत ड्रायव्हरच्या हातावर चहापाण्याचे दोनशे रुपये ठेवले. हे लिहिताना लाज वाटते. पण नाशकात अजून कितीतरी वाड्यांत आणि बंगल्यांत अशा गाड्या ताडपत्रीखाली उभ्या आहेत, आणि त्यांचे मालक माझ्याच वयाचे, माझ्याइतकेच भोळे असणार.

गाडी १९६० सालची फियाट ११००. पुढची दारं उलटी उघडणारी, आपण जिला डुक्कर फियाट म्हणतो ती. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्याच्या कारखान्यात बांधलेली. वडील डॉक्टर होते, निफाडपासून लासलगावपर्यंत व्हिजिटला हीच गाडी. मागच्या सीटखालचा पत्रा सडला तेव्हा भद्रकालीतल्या एका वेल्डरनं डालड्याचा डबा कापून ठिगळ मारलं होतं. डबा आईनं रव्यासाठी धुऊन ठेवलेला. ती त्यावरून आठवडाभर वडिलांशी बोलली नव्हती. ठिगळावरचं नारळाचं झाड सीट उचलली की अजून दिसतं. हे ठिगळ पुढे कामाला येणार आहे.

दर रविवारी सकाळी मी ती सोमेश्वरच्या देवळापर्यंत काढतो. तिथंच तो भेटला. पस्तिशीचा, नीटनेटका, बोलायला गोड. या गाडीपाशी येणारा प्रत्येक माणूस दाराच्या मागच्या बाजूला हँडल चाचपतो आणि फसतो. यानं सरळ पुढच्या बाजूला हात घातला आणि दार उघडलं. माझ्या मनाचं दारही तेव्हाच उघडलं म्हणायचं. ज्याला हे ठाऊक आहे तो आपला माणूस, असं मी धरून चाललो. पुढच्या रविवारी त्यानं हेडलाइटची जुनी क्रोमची रिंग आणली, वर्षभर शोधत होतो तीच. पैसे घेतले नाहीत. ‘काका, असू द्या हो, तुमच्या गाडीलाच शोभते.’

दीड महिन्यानं त्यानं विषय काढला. सरकारनं विंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी सुरू केलीय, व्हीए मालिकेचा नवा नंबर मिळतो, तो घेतला नाही तर जुना नंबर रद्द होऊन गाडी भंगारात काढावी लागेल, असं म्हणाला. यातलं अर्धं खरं होतं, म्हणूनच मी पूर्ण फसलो. २०२१ साली केंद्रानं तसे नियम खरंच केलेत. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते. नोंदणीची फी वीस हजार, दहा वर्षं चालते, पुढच्या वेळी पाच हजार. पण गाडी आधीच नोंदलेली असेल तर तिचा जुना नंबर कायम ठेवता येतो, हेही त्याच नियमांत आहे. आणि विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. म्हणजे माझं सोमेश्वर बंदच झालं असतं. नियम एकदा वाचले असते तरी कळलं असतं की ही नोंदणी मला नकोच आहे. मी वाचले गाडी गेल्यावर.

सह्यांचा दिवस आठवला की अजून पोटात कालवतं. तो कागदांचा गठ्ठा घेऊन संध्याकाळी आला. आधी शेडमध्ये बॉनेट उघडून चासी नंबरवर सेलोटेप चिकटवली, पेन्सिल घासून नंबर उठवला आणि टेप कागदावर लावली. आरटीओत चालतं तसंच सगळं. इंजिन नंबरचंही तेच. मग ओट्यावर बसून म्हणाला, ‘फुल्या मारल्यात तिथं सह्या करा, काका.’ माझा चष्मा वरच्या खोलीत. बायको म्हणाली आणून देते, मी म्हणालो राहू दे. त्या गठ्ठ्यात २९ आणि ३० नंबरचे फॉर्म होते. गाडी विकताना नाव बदलायला लागतात ते. कोरे. विंटेज नोंदणीचा अर्ज २० नंबरच्या फॉर्मवर होतो आणि मालकाला तो स्वतः ऑनलाइन करता येतो. त्याला विक्रीच्या कागदांची गरजच काय? पण फी म्हणून पंचेचाळीस हजार घेतले, आरसी बुक घेतलं, आधारची प्रत घेतली. पावती मागितली नाही. रिंग फुकट देणाऱ्याकडे पावती कशी मागायची?

शुक्रवारी दुपारी ट्रक आला. ‘मुंबईत समितीसमोर गाडी दाखवायचीय, सोमवारी परत.’ समिती असते, हेही खरंच. शुक्रवार निवडला कारण पुढे दोन दिवस कुठल्याच ऑफिसात विचारायची सोय नाही. शनिवारी त्याचा मेसेज आला, ‘गाडी पोचली, निवांत राहा.’ सोमवारी फोन बंद. मंगळवारी मी पोलीस ठाण्यात.

तिथं पहिलाच प्रश्न आला, ‘चोरीला गेली की तुम्ही दिली?’ तेव्हा राग आला होता, पण सगळं घोडं तिथंच अडतं. भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३. मी राजीखुशीनं किल्ली दिली म्हणून माझ्या तक्रारीला लागली ३१६ आणि ३१८, म्हणजे विश्वासघात आणि फसवणूक. विमावाल्यांसाठी हा फरक फार मोठा असतो, चोरीचा दावा अशा वेळी ते सहज अडवून धरतात. माझ्या बाबतीत तो वादच उरला नाही, कारण विमा नुसता थर्ड पार्टी होता, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, स्वतःची गाडी गेली तर काही न देणारा. ‘जुन्या गाडीला दुसरा कोण देतंय’ असं वर्षानुवर्षं ऐकून मी गप्प बसलो होतो. प्रत्यक्षात पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत मालक आणि कंपनीनं बोलून ठरवायची असते. फोटो, दुरुस्तीची बिलं, जाणकाराचं मूल्यांकन हातात असेल तर बोलता येतं. माझ्याकडे बिलं होती, वडिलांच्या ट्रंकेत.

एक काम मात्र वेळेत झालं. ठाण्यातल्याच एका मॅडमनी सुचवलं म्हणून एफआयआरची प्रत घेऊन त्याच दिवशी पेठ रोडला आरटीओत गेलो आणि या गाडीचं नाव कोणी बदलायला आलं तर करू नये असा लेखी अर्ज दिला, पोच घेतली. अशा टोळ्यांना बरेचदा गाडीपेक्षा कागद मोलाचे वाटतात, हे मला तिथं उमगलं. चालू पासिंग असलेलं जुनं आरसी बुक मिळालं की त्यातले नंबर दुसऱ्याच कुठल्या सांगाड्यावर ठोकता येतात.

पोलिसांनी ट्रक टोलच्या फास्टॅगवर शोधायला घेतला, पण मुंबईच्या टोलवर तो नव्हताच. पेठ नाक्याजवळच्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यात सापडला. पंचवटीतून निघून पेठ, पुढे धरमपूर. म्हणजे मला ‘पोचली’ असा मेसेज आला तेव्हा गाडी गुजरातेत होती. साडेचार महिन्यांनी वापीच्या अलीकडे एका शेडमध्ये चार जुन्या गाड्या मिळाल्या, त्यात एक डुक्कर फियाट. रंग बदललेला, माझी दुधी रंगाची होती, ही लाल. चासीची पट्टी काढलेली, इंजिनावरचा नंबर घासलेला.

ही तुमचीच कशावरून, असं विचारलं. मी मागची सीट उचलायला सांगितली. रंग खालपर्यंत पोचला नव्हता. पिवळा पत्रा आणि हिरवं झाड. पंचनाम्यात हवालदारानं लिहिलं, ‘तळाला डालडा डब्याच्या पत्र्याचे ठिगळ, त्यावर नारळाच्या झाडाचे चित्र.’ मी तिथंच खाली बसलो. त्या ठिगळाचा एक जुना फोटो माझ्याकडे होता, मुलीनं कधी तरी गंमत म्हणून काढलेला, म्हणून निभावलं. नाहीतर नुसत्या माझ्या शब्दावर कोणी कशाला विश्वास ठेवेल? तेव्हा तुमच्या गाडीच्या अशा खुणांचे फोटो आजच काढा. पोचे, ठिगळं, चुकीचा बसवलेला स्क्रू, काचेवरचा ओरखडा. नंबर घासता येतात, वेल्डरचा हात घासता येत नाही.

कोर्टातून गाडी बंधपत्रावर सोडवली. खटला संपेपर्यंत विकायची नाही, रंगसुद्धा बदलायचा नाही, बोलावतील तेव्हा हजर करायची. त्यामुळे सध्या ती लालच. आरशात बघतो तेव्हा दुसऱ्याच कोणाची गाडी चालवल्यासारखं वाटतं.

कुलपांचं म्हणाल तर या गाडीला इमोबिलायझर, म्हणजे खऱ्या किल्लीशिवाय इंजिन चालूच न होऊ देणारी सोय, वगैरे काही नाही, किल्ली म्हणजे नुसता स्विच. दोन वायरी जोडल्या की काम झालं. बाजारातला गिअर लॉक इथं बसत नाही, कारण गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. स्टिअरिंगचा लॉक बसतो, पण चाक इतकं बारीक की करवतीनं चार मिनिटांत कापलं जाईल. म्हणून मिस्त्रीनं बॅटरीचा कटऑफ स्विच सीटखाली दिला आणि रोज रात्री डिस्ट्रिब्युटरचा रोटर काढून घ्यायला शिकवलं. अंगठ्याएवढा तुकडा, तो नसला की गाडी नुसती खोकते. बायको तो मसाल्याच्या डब्यात, लवंगांच्या वाटीत ठेवते. ट्रकवर उचलून नेणाऱ्याला अर्थात रोटरचं काय? त्यासाठी शेडच्या कोब्यात कडी बसवून मागच्या अ‍ॅक्सलला साखळी लावलीय, आणि डॅशबोर्डच्या आत स्वतःची बॅटरी असलेला ट्रॅकर. तो कुठे आहे हे मिस्त्रीलाही माहीत नाही, इलेक्ट्रिशियन दुसरा बोलावला.

आता कुठल्याही झेरॉक्सवर मी आडवं लिहितो, ‘फक्त विम्यासाठी’, खाली तारीख. चष्मा गळ्यात दोरीला. सोमेश्वरला कोणी गाडीचा फोटो मागितला तर नंबरप्लेटपुढे उभा राहतो. मुलगी हसते.

तो माणूस सापडलेला नाही. आरसी बुकही नाही, आणि माझ्या सहीचे २९ आणि ३० नंबरचे कोरे फॉर्मही नाहीत.