शेततळ्यात काय सोडावं: मत्स्यबीज की बोटुकली?

कटला, रोहू, मृगळ यांचं इंचभर मत्स्यबीज स्वस्त मिळतं, म्हणून पहिल्यांदा तळं करणारा तिकडेच वळतो. पण इतकं लहान पिल्लू बेडूक, पाणसाप, खंड्या आणि ओढ्यातून शिरलेला मरळ यांच्या तोंडी सहज जातं. किती जगली, हे जाळं ओढेपर्यंत कळतच नाही.

तीन-चार इंची बोटुकली, म्हणजे बोटाएवढं वाढवलेलं पिल्लू, महाग पडते, पण तगते. आपल्याकडची बहुतेक शेततळी एप्रिल-मेपर्यंत आटतात. ऑगस्टमध्ये सोडलेल्या माशाला वाढायला जेमतेम आठ-नऊ महिने मिळतात. म्हणून माझं मत ठामपणे बोटुकलीच्या बाजूने आहे. गुंठ्याला साधारण शंभर पुरेत. जास्त सोडली की पहाटे पाण्यातला प्राणवायू कमी पडतो आणि मासे वर येऊन तोंडं उघडतात. ते बघवत नाही.

मत्स्यबीज घ्यावं ते बारमाही पाणी आणि वाढवायला वेगळं छोटं तळं असेल तरच.

दोन्हींत एक काळजी सारखीच: पिल्लं आणलेली पिशवी पंधरा-वीस मिनिटं तळ्याच्या पाण्यावर तरंगू द्या, मग तळ्याचं पाणी थोडंथोडं आत घ्या. पिल्लं आपणहून बाहेर पडतील.