वाड्याचा सागवान म्हणून घेतला, निघाल्या पॅकिंगच्या फळ्या

आमचा सदाशिव पेठेतला वाडा २००४ मध्ये पाडला. बाबांचं लहानपण तिथेच गेलं. म्हणून सिंहगड रोडच्या घरी हॉलमधल्या एका भिंतीला जुन्या लाकडाच्या, रंधा न मारलेल्या फळ्या लावायचं ठरलं, तेव्हा माझी एकच अट होती: लाकूड वाड्याचंच हवं. ही अट मी पहिल्याच भेटीत विक्रेत्याला सांगून टाकली. त्याने मग मला तेच विकलं, म्हणजे ते शब्द विकले.

त्याने नमुन्याचा तुकडा हातात दिला तो खरा होता, हे आजही सांगते. कडीपाटाची, म्हणजे जुन्या लाकडी छताची फळी, हाताने घडवलेल्या खिळ्यांची चौकोनी भोकं, भोकांभोवती गंजाचा काळा डाग. जड, किंचित तेलकट, आणि नखाने खरवडल्यावर चामड्यासारखा वास. "ताई, शंभर वर्षांचा वाडा उतरवलाय, असाच सगळा माल आहे," म्हणाला. भाव घनफुटाला ३,२०० रुपये.

माल आला संध्याकाळी सात वाजता, फळ्या आधीच कापून, गडद रंग देऊन. बरोबर त्याचेच दोन सुतार, आणि येताच काम सुरू. मी म्हटलं, उद्या उजेडात बघते. तर "टेम्पो परत पाठवायचाय, सुतार उद्या दुसरीकडे आहेत". भिंतीवर रीप, म्हणजे लाकडाच्या अरुंद पट्ट्या, न ठोकता फळ्यांना मागून गोंद लावून सरळ प्लास्टरवर चिकटवल्या, वरून बारीक खिळे. तेव्हा वाटलं, किती झटपट काम करतात! फळीची मागची बाजू कुणाला दिसू नये, याचीच ती घाई होती. चिकटवलेली फळी कोण उचकटून बघणार?

मापातही फसवलं. भिंत १० फूट रुंद, ९ फूट उंच, म्हणजे ९० चौरस फूट. फळी पाऊण इंच जाडीची. ९० गुणिले पाऊण भागिले १२ केलं की साडेपाचच्या थोडं वर घनफूट येतं, कापाकापीची घट धरून साडेसहा. बिल लावलं सव्वाअकरा घनफुटांचं, ३६,००० रुपये. विचारलं तर म्हणाला, जुन्या लाकडाची मूळ जाडी दीड इंच धरतात, तशी पद्धतच आहे. मी मान डोलावली. मजुरीचे १४,००० वेगळे. सगळे मिळून ५०,०००.

पावसाळ्यात भिंतीखालच्या सोफ्यावर पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला. रोज पुसायचं, रोज पुन्हा तेवढाच. फळ्यांवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली. मी विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, जुन्या लाकडाला एवढं चालायचंच, रॉकेल फिरवा.

शेवटी ओळखीच्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी दोन फळ्या पटाशीने उचकटल्या, बरोबर प्लास्टरचे पोपडेही आले. पहिल्या फळीच्या मागे रंग पोचलाच नव्हता. पिवळट पांढरं लाकूड, मोठमोठ्या गाठी, आणि कोपऱ्यात भाजून उमटवलेला शिक्का: चौकटीत गव्हाची ओंबी, शेजारी आकडे, खाली एच आणि टी ही इंग्रजी अक्षरं. हा शिक्का परदेशी मालाबरोबर येणाऱ्या पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीवर असतो. कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून अशा लाकडाला ५६ अंशांवर अर्धा तास गाभ्यापर्यंत तापवतात, त्याची ती खूण. म्हणजे फळी पॅलेटच्या पाईनची. शंभर वर्षांच्या वाड्यात हा शिक्का कुठून येणार?

दुसरी फळी पाईनचीही नव्हती. "आंब्याच्या लाकडाचं खोकं आहे हे," काका म्हणाले. आंब्याच्या कच्च्या लाकडात पिठूळपणा असतो, लाकूड पोखरून भुसा पाडणाऱ्या भुंग्याला तेच लागतं. सागवानाच्या पक्क्या गाभ्याला तो सहसा शिवत नाही. फळी आडवी कापून काकांनी मला टोक दाखवलं. सागवानाच्या कापावर बारीक छिद्रांची वर्तुळं ओळीने दिसतात. इथे तशी ओळ नव्हतीच. वरची खिळ्यांची "जुनी" भोकंही बघितली. सगळी गोल, सगळी एका मापाची, ड्रिलने पाडलेली.

बाबा बाजूला बसून ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "पहिल्या दिवशी हात फिरवला तेव्हाच वास आला नव्हता गं. तू इतकी खूश होतीस." त्या वाक्याचा त्रास मला ५०,००० रुपयांपेक्षा जास्त झाला.

तक्रार करायला गेले तेव्हा कळलं की बिलाच्या चिठ्ठीवर त्याने फक्त "जुने लाकूड" लिहिलंय, सागवान हा शब्दच नाही. व्हॉट्सॲपवर मात्र "१००% सागवान, वाड्याचा" असा त्याचा मेसेज होता, तोच कामाला आला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, वकिलामार्फत नोटीस पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. नोटिशीनंतर त्याने २०,००० परत दिले. बाकीसाठी अर्ज तयार आहे.

तुम्ही जुनं लाकूड घेणार असाल तर हात जोडून सांगते, माल दिवसाउजेडी उतरवून घ्या आणि प्रत्येक फळी उलटी करून बघा. रंग दिलेला माल घेऊच नका; रंग घरी, तुमच्या डोळ्यांसमोर द्या. एखादी फळी मधूनच निवडून टोक कापायला सांगा. तो नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. जाडी मोजायची ती हातात आलेल्या फळीची, टेप लावून. बिलावर लाकडाचं नाव. आणि सुतार तुमचा, विक्रेत्याचा नाही. भिंतीवर आधी रीप मारून मग फळ्या, म्हणजे एखादी काढायची वेळ आली तर निघेल.

भुंगा शेजारच्या दाराच्या चौकटीत जाऊ नये म्हणून आम्ही सगळ्या फळ्या काढल्या. भिंतीला नवं प्लास्टर करायला आणखी ९,००० गेले. शिक्क्याची फळी तेवढी कपाटात जपून ठेवली आहे, आयोगापुढे दाखवायला.