दारातला एक भोपळा आणि सहा मेणबत्त्या: दोन हॅलोविन वापरल्यानंतर

आमचं दार काही फार मोठं नाही. न्यू जर्सीतलं टाउनहाऊस, दोन पायऱ्या, वर जेमतेम पाच फूट रुंद ओटा, फायबरग्लासचं दार आणि उजव्या हाताला एक दिवा. सप्टेंबर २०२४ मध्ये या ओट्यासाठी मी चार वस्तू आणल्या. कोरता येतो असा फोमचा भोपळा, टायमर असलेल्या बॅटरीच्या सहा मेणबत्त्या, दारावर लावायचं वाळक्या वेलीचं कडं आणि कोळ्याच्या खोट्या जाळ्याचं एक पाकीट. सगळं मिळून साठेक डॉलर झाले. दोन हॅलोविन, दोन दिवाळ्या आणि मधला एक उन्हाळा जाऊन आता सगळं परत खोक्यात गेलंय, म्हणून लिहितेय. नव्या वस्तूचं कौतुक कुणीही करतं.

भोपळ्यापासून सुरुवात करते. फोम कोरणं सोपं असेल असं वाटत होतं, पण स्वयंपाकघरातली दातेरी सुरी लावली की त्याच्या कडा फाटतात. पुठ्ठा कापायचं पातळ पात्याचं कटर घेतलं आणि काम झालं. पांढरा भुसा मात्र स्वेटरला असा चिकटतो की झटकून निघत नाही, त्यामुळे कोरायचं काम बाहेरच करा. चेहरा मुलीने काढला. तो भीतीदायक कमी आणि कंटाळलेला जास्त दिसतो, सोमवारी सकाळी लोकलची वाट बघणाऱ्या माणसासारखा. खरी अडचण पुढच्याच आठवड्यात कळली. फोमला वजनच नाही. रात्री वारा सुटला आणि सकाळी आमचा भोपळा समोरच्यांच्या गाडीखाली. मग तळाला हात जाईल एवढं भोक पाडून आत झिपच्या पिशवीत तीन किलो वाळू भरली. तेव्हापासून तो जागचा हललेला नाही. खारीने एका बाजूने कुरतडून पाहिला, चव आवडली नसावी, सोडून दिला.

एक गोष्ट नकळत बरोबर झाली: चेहरा एकाच बाजूला कोरला. १ नोव्हेंबरला सकाळी भोपळा फक्त मागे फिरवायचा, की तोच साधा शरद ऋतूचा भोपळा होऊन नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणापर्यंत चालतो. आमच्या सोसायटीच्या नियमात सणाची सजावट ठरावीक दिवसांत काढावी लागते. पाठमोऱ्या भोपळ्यावर अजून कुणी आक्षेप घेतलेला नाही. उन्हाच्या बाजूने रंग थोडा उतरलाय, पण दहा फुटांवरून कळत नाही.

पहिल्या वर्षी सासूबाई सांगलीहून आलेल्या होत्या. भोपळा बघून म्हणाल्या, "अगं, दारात हे असलं तोंड कशाला?" मी म्हटलं, "आई, दृष्ट लागू नये म्हणून आपण कोहळा टांगतोच की दाराला." त्यावर त्या म्हणाल्या, "कोहळ्याला दात नसतात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता मेणबत्त्या. चारांत सगळ्यात उपयोगी पडलेली आणि सगळ्यात जास्त डोकं खाल्लेली वस्तू हीच. प्रत्येकीत दोन एए बॅटऱ्या, आणि टायमर असा की ज्या वेळी चालू कराल तेव्हापासून सहा तास पेटेल, अठरा तास बंद राहील, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा पेटेल. सहाही एका झटक्यात चालू केल्या नाहीत तर रोज संध्याकाळी एक आधी, एक पाच मिनिटांनी, असं कवायतीतल्या ढिल्या रांगेसारखं चालतं. आता मी सगळ्या ओळीत ठेवते आणि भराभर बटणं सरकवते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा टायमर बिघडणार असं मी धरून चालले होते. पण सहाला पेटणाऱ्या मेणबत्त्या पाचला पेटायला लागल्या, आणि सूर्यही आता पाचच्या आतच मावळत होता. काही करावंच लागलं नाही.

तक्रार वेगळी आहे. वरचं कवच खऱ्या मेणाचं आहे. खोकं उन्हाळाभर माळ्यावर राहिलं आणि सप्टेंबरमध्ये उघडलं तेव्हा दोन मेणबत्त्या नमस्कार करत होत्या. पाकिटावर उष्णतेबद्दल अक्षर नाही. दुकानाला कळवलं, उत्तर आलं नाही. उरलेल्या चार आता तळघरात असतात. पुन्हा घेतल्या तर प्लास्टिकच्या कवचाच्या घेईन. दिसायला उजव्या नाहीत, पण वाकणार नाहीत.

खऱ्या मेणबत्त्या का नाहीत, असं मैत्रिणीने विचारलं. फोमच्या आत ज्योत ठेवायची नाही, हे तर उघडच आहे. पण ओट्यावरसुद्धा नको, हे मला २०२४ ने शिकवलं. त्या वर्षी अमावास्या इथल्या वेळेनुसार ३१ ऑक्टोबरच्या सकाळी लागली आणि लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी आले. दाराला तोरण, वर आकाशकंदील, ओट्याच्या मधोमध कमळाची रांगोळी, बाजूला कंटाळलेला भोपळा. आत आरती चालू आणि बाहेर "ट्रिक ऑर ट्रीट" म्हणत खाऊ मागायला आलेली, सोंगं घेतलेली मुलं. पहिल्याच टोळीतला एक हिरवा डायनासोर टोपली पुढे करून वळला आणि त्याच्या शेपटीने कमळाच्या तीन पाकळ्या पार पुसल्या. तिथे पणत्या असत्या तर? ते पोशाख झिरझिरीत पॉलिएस्टरचे, जमिनीवर लोळणारे. तेव्हापासून पणत्या आतल्या बाजूला खिडकीत आणि ओट्यावर फक्त बॅटरीचा उजेड. रांगोळीही आता दाराच्या डाव्या कोपऱ्यात, येणाऱ्याची वाट सोडून. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २० तारखेला होऊन गेलं होतं, त्यामुळे एवढी गर्दी झाली नाही. आकाशकंदील मात्र मुद्दाम ठेवला, आणि दोन-तीन मुलांना तोच हॅलोविनचा वाटला.

वेलीच्या कड्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच. फायबरग्लासवर चुंबकाचा हूक बसत नाही, दारावरून अडकवायच्या पट्टीने दार नीट मिटत नाही. आतल्या बाजूला चिकटवायचा हूक उलटा लावला, कड्याची रिबीन दाराच्या वरून घेऊन त्यात अडकवली, झालं. सप्टेंबरात त्यावर शेवंती, ऑक्टोबरात दोन काळ्या कागदी वटवाघळं, डिसेंबरात लाल रिबीन. सहा डॉलरचं कडं, सगळ्यांत जास्त महिने दारावर राहिलेलं.

कोळ्याचं जाळं घेऊ नका. झुडपावर ताणून लावलं तेव्हा झकास दिसत होतं. चौथ्या दिवशी सकाळी त्यात एक चिमणीएवढा पक्षी पाय अडकून फडफडत होता. नखं कापायच्या कात्रीने एकेक धागा कापून त्याला सोडवला, तोवर माझेच हात थरथरत होते. जाळं त्याच दिवशी काढलं, म्हणजे निघालं तेवढं काढलं. उरलेले पुंजके एप्रिलपर्यंत झुडपात दिसत होते.

या सगळ्याच्या जोडीला दर वर्षी एक खरा भोपळा आणतोच, तो कोरण्यात मुलांना मजा असते म्हणून. २०२४ मध्ये हौसेने १९ तारखेलाच कोरला. आठवड्याच्या आत गाल खचले, आत काळी बुरशी, भोवती चिलटं, आणि पायरीवर चिकट गोल डाग. आता कोरणं २९ किंवा ३० तारखेला, आणि खाली एक जुनी फरशी. न कोरलेला भोपळा थंडीत महिना-दीड महिना सहज टिकतो, सुरी लागली की दिवस मोजायचे. पूर्वी आयर्लंडमध्ये सलगम कोरायचे म्हणे, तिथून आलेल्या लोकांना इथे मोठा, पोकळ भोपळा मिळाला. सलगम कोरणाऱ्यांच्या मनगटांना माझा नमस्कार.

सासूबाईंना एवढा भोपळा कुजायला ठेवणं पटेना. त्यांनी आतला गर काढून घारगे करायला घेतले. पण कोरायचा भोपळा खाण्यासाठी नसतोच. बाजारात जो मोठा, नारिंगी, जाड देठाचा दिसतो त्यातला बराचसा हाउडन जातीचा, १९६० च्या दशकात मॅसॅच्युसेट्सच्या जॉन हाउडन या शेतकऱ्याने आकार आणि देठ बघून तयार केलेला. गर पाणचट आणि धाग्याधाग्यांचा. गूळ वाढवला, कणीक वाढवली, घारगे तरी फतकल मारूनच बसले. पुढच्या वर्षी छोटा "शुगर पम्पकिन" आणला, तो आपल्या लाल भोपळ्याच्या बराच जवळचा. बिया मात्र दोन्हींच्या भाजून छान लागतात.

गेल्या वर्षी एका लहान भोपळ्याला निळसर हिरवा रंग देऊन पायरीवर ठेवला. हा रंग दिसला की इथे खाऊशिवाय दुसरंही काही मिळतं, हे ॲलर्जी असलेल्या मुलांच्या आईबापांना कळतं. फूड ॲलर्जी रिसर्च अँड एज्युकेशन या संस्थेने २०१४ मध्ये ही पद्धत देशभर नेली. शेजारच्या मुलाला शेंगदाणा चालत नाही. त्याने खोडरबरं आणि चमकत्या कांड्यांच्या टोपलीत हात घालून पाच मिनिटं निवड केली. बाकी मुलांनीही चॉकलेट सोडून तिथेच गर्दी केली, हे मात्र अपेक्षित नव्हतं.

आणि पैसे न लागणारी गोष्ट: दाराचा दिवा. तो चालू असेल तरच मुलं पायरी चढतात, बंद असेल तर सरळ पुढे जातात. २०२५ मध्ये खाऊ साडेआठला संपला. मी दिवा बंद केला. मेणबत्त्यांचा टायमर अजून चालूच होता, म्हणून एक उशिरा आलेली चेटकीण पायरीपाशी घुटमळली. फ्रीजवरचा राजगिऱ्याचा लाडू दिला तिला, तिच्या आईला विचारून.