कस्टम फील्ड्स न्यायची: हाताने की फाइलने?

नागपूरच्या मिहानमधल्या मित्राला लाइफरे पोर्टलची (वेबसाइट बनवण्याचं सॉफ्टवेअर) ४० कस्टम फील्ड्स, म्हणजे आपण स्वतः जोडलेले माहितीचे रकाने, टेस्ट सर्व्हरवरून प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर, न्यायची आहेत.

हाताने बनवण्यात वेळ जातोच, पण खरी भीती चूक होण्याची. फील्डची की (key, म्हणजे ते ओळखण्याचं नाव) एकदा सेव्ह झाल्यावर बदलता येत नाही. एक अक्षर इकडचं तिकडे झालं, तर टेम्प्लेटला (पानाच्या साच्याला) ते फील्ड सापडत नाही. मग पुसून नवं करा, आणि त्यात भरलेली माहितीही गमवा. मला हे फार जिवावर येतं.

दुसरा मार्ग फाइलचा: टेस्ट सर्व्हरवरून एक्स्पोर्ट केलेल्या एलएआर (LAR, लाइफरेची एक्स्पोर्ट फाइल) फाइलमधून फील्डची की आणि प्रकार जसेच्या तसे येतात. मात्र दोन्हीकडे पोर्टलची आवृत्ती जुळायला हवी. आधी बॅकअपही घ्याच. फील्ड कोण पाहू किंवा बदलू शकतं, त्या परवानग्या दोन्ही मार्गांत तपासाव्या लागतात.

दोन-चार फील्ड्स असतील तर हाताने करा. ४० असतील, किंवा वारंवार न्यायची असतील, तर फाइलच.