‘एका सुईत लूत जाते’ म्हणणाऱ्यांपासून सावध

कुत्र्याचे केस झडायला लागले की सोसायटीच्या ग्रुपवरून कुणाचा तरी नंबर मिळतो. माणूस घरी येतो, स्वतःला डॉक्टर म्हणवतो, आधीच भरून आणलेली सिरिंज काढतो आणि मानेवरची कातडी चिमटीत धरून टोचतो. बाटली दाखवत नाही, वजन करत नाही, पैसे रोख घेतो, पावती देत नाही. दुसऱ्या दिवशी कुत्रं खाजवायचं थांबतं आणि घरचे निर्धास्त होतात. दोन-तीन आठवड्यांत लूत दुप्पट जागेवर पसरून परत येते, तेव्हा तोच माणूस आणखी दोन सुया सांगतो. या पद्धतीने फसलेली कितीतरी घरं आम्ही पाहिली आहेत.

यातली मेख कळली की फसवणूक लगेच ओळखता येते. सुईने एका रात्रीत खाज थांबली, तर त्यात स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता असते. लूत कातडीतल्या सूक्ष्म किड्यांमुळे होते, आणि किडे मारणारं औषध इतक्या लवकर खाज थांबवत नाही. स्टेरॉइडने सूज आणि खाज दबते, पण प्रतिकारशक्तीही दबते, आणि किडे बिनधास्त वाढतात. डेमोडेक्स प्रकारात तर हा थेट घात आहे. हे किडे केसांच्या मुळाशी राहतात, पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आईकडून मिळतात आणि प्रतिकारशक्ती ढासळली की माजतात. लहान पिल्लाच्या तोंडावर, डोळ्यांभोवती एक-दोन टक्कल पडले असतील, तर ते बहुतेकदा आपोआप भरून येतात. तिथे स्टेरॉइड टोचलं की तोच डाग अंगभर पसरू शकतो.

सारकॉप्टिस, म्हणजे खरी संसर्गजन्य खरूज, वेगळी. कानाच्या कडा, कोपर, पोट इथे खपल्या धरतात आणि खाज असह्य असते. कानाची कड बोटांत चोळली की कुत्रं मागचा पाय हलवायला लागतं. ही घरातल्या माणसांनाही तात्पुरती खाजवते. म्हणून घरातल्या सगळ्या कुत्र्यांवर एकदम उपचार करायचे आणि अंथरुणं गरम पाण्यात धुवायची. एकाच कुत्र्याला टोचून निघून जाणारा माणूस हे कधीच सांगत नाही.

दुसरा धोका मात्रेचा. गुरांसाठी मिळणारं किडे मारणारं १ टक्का आयव्हरमेक्टिन म्हणजे एका मिलीलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. खरजेला किलोमागे ०.२ मिलिग्रॅम धरलं, तर ५ किलोच्या पिल्लाला लागतं जेमतेम ०.१ मिली. अंदाजाने अर्धा मिली टोचला की मात्रा पाचपट झाली. मग पिल्लू झोकांड्या खातं, लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, थरथर सुटते. यावर नेमका उतारा नाही, भर सलाइन आणि देखरेखीवरच असतो. कोली आणि ऑस्ट्रेलियन शेफर्ड जातींत जनुकीय दोष असेल, तर इतर कुत्र्यांना चालणारी उपचाराची मात्राही जीवघेणी ठरू शकते. शिवाय औषध अंड्यांवर चालत नाही, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावंच लागतं. ‘एकच सुई’ हा दावा इथेच खोटा पडतो. एकाच मात्रेत बारा आठवडे काम करणारी फ्लुरालानरची गोळी आहे खरी, पण ती वजनाच्या गटाप्रमाणे, सीलबंद पाकिटात मिळते आणि फिट येणाऱ्या कुत्र्याला डॉक्टरांना विचारूनच द्यायची असते.

मांजरांच्या बाबतीत फसवणूक थेट जिवावर बेतते. कुत्र्याचं पर्मेथ्रिनचं औषध मांजराला लावलं की झटके येऊन ते दगावू शकतं. लुतीवर लावायची अमिट्राझ आणि बेंझिल बेंझोएट ही औषधंही मांजराला नकोत, आणि गॅरेजमधलं जळकं ऑइल तर कुणालाच नको. मांजर अंग चाटतं आणि लावलेलं सगळं पोटात जातं. कान आणि डोक्यावर जाड खपल्या आल्या असतील, तर मानेमागे टाकायचे सेलामेक्टिनचे थेंब डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे घ्यावेत.

सुईआधी स्क्रेपिंग मागा. ब्लेडवर लिक्विड पॅराफिनचा थेंब घेऊन कातडी केशवाहिन्यांतून किंचित रक्त दिसेपर्यंत खरवडतात आणि ते काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. डेमोडेक्सचा संशय असेल तर आधी कातडी दाबून घेतात. सारकॉप्टिस थोडेच असतात, त्यामुळे रिपोर्ट कोरा आला तरी लक्षणांवरून उपचार सुरू करतात. डेमोडेक्समध्ये मात्र केस आले म्हणून थांबायचं नाही, महिन्याच्या अंतराने दोन स्क्रेपिंग कोरे आले की मगच. हे परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि अकोल्याच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांतही विचारता येतं.

टोचणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय असे उपचार करता येत नाहीत. औषधाचं नाव, मिली आणि बॅच क्रमांक कागदावर लिहून घ्या, रिकाम्या बाटलीचा फोटो काढा. कुत्रं अत्यवस्थ झालंच, तर पुढच्या डॉक्टरांना सगळ्यात आधी हीच माहिती लागते.