मिरर पोर्टचं ट्रॅफिक व्हीएमपर्यंत पोचवताना: प्रॉक्समॉक्स आणि सुरिकाटा, काही महिन्यांच्या वापरानंतर

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं, त्यानंतर मकरपुऱ्यातल्या आमच्या कारखान्याने सर्व्हरचा रॅक तळमजल्यावरून वर नेला. वर जागा कमी, म्हणून जुने डबे गेले आणि प्रॉक्समॉक्सचं (एकाच मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) एकच मशीन उरलं. नेटवर्कवर नजर ठेवणारी सुरिकाटाही त्यातच व्हीएम म्हणून बसवली. नजर ठेवणं भागच होतं, कारण सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या) मशीनांचे पीसी अजून विंडोज ७ वर आहेत. तिचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला, आणि मशीनवाला म्हणतो, अँटिव्हायरस टाकलात तर वॉरंटी विसरा. मग पीसीला हात न लावता त्याची ये-जा बाहेरून बघायची, एवढंच हातात राहतं.

स्विचवर मिररिंग (एका पोर्टच्या ट्रॅफिकची नक्कल दुसऱ्या पोर्टवर पाठवणं) लावणं पाच मिनिटांचं काम. सोर्स पोर्ट, डेस्टिनेशन पोर्ट, दिशा 'बोथ', सेव्ह. डेस्टिनेशनची केबल होस्टच्या (प्रॉक्समॉक्सच्या मशीनच्या) दुसऱ्या नेटवर्क कार्डात, त्यावर आयपी नसलेला वेगळा ब्रिज (होस्टमधला सॉफ्टवेअरचा स्विच), ब्रिजवर व्हीएमचं कार्ड. व्हीएममध्ये पॅकेटं दाखवणारा टीसीपीडम्प सुरू केला, तर पडद्यावर नुसते एआरपीचे प्रश्न सरकताहेत, अमुक आयपी कोणाकडे आहे? मधूनच प्रिंटरचं एखादं मल्टिकास्ट. सीएनसीला प्रोग्रामची फाइल जातेय, पण तिचं एकही पॅकेट नाही. तीच कमांड होस्टच्या फिजिकल कार्डावर चालवली, तर सगळं धो धो वाहतंय. म्हणजे स्विच निर्दोष, माल ब्रिजवर अडतोय.

आणि ब्रिजचंही काही चुकत नाही. कोणता मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) कोणत्या पोर्टवरून आला हे तो लक्षात ठेवतो. मिररमध्ये मात्र बोलणारे दोघंही एकाच केबलमधून येतात, दोघांचे पत्ते त्याच पोर्टच्या नावावर चढतात. पॅकेट ज्या दारातून आलं त्याच दारापलीकडे त्याचा मालक राहतो, असं दिसल्यावर ब्रिज ते सोडून देतो. एआरपीचा प्रश्न ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठी, म्हणून तेवढा पुढे जातो. उपाय एका ओळीचा: होस्टच्या इंटरफेसेस फाइलमध्ये त्या ब्रिजखाली 'ब्रिज-एजिंग ०'. मग पत्ते लक्षातच राहत नाहीत आणि ब्रिज जुन्या हबसारखा सगळं सगळीकडे फेकतो. म्हणूनच त्या ब्रिजला दुसरं काहीही जोडू नका.

एवढं करूनही व्हीएममध्ये काही दिसत नसेल, तर व्हीएमच्या कार्डावरची 'फायरवॉल'ची खूण बघा. नवीन व्हीएम बनवताना ती आपोआप आलेली असते. ती असली की प्रॉक्समॉक्स मध्ये आणखी एक छोटा ब्रिज घालतो, आणि तोही पत्ते शिकतो! खूण काढल्यावर आमच्याकडे लगेच फाइल ट्रान्सफर दिसू लागली. शिवाय जीआरओ आणि एलआरओ या पॅकेटं जोडणाऱ्या सोयी ईथटूल कमांडने बंद करा, होस्टवर आणि व्हीएममध्येही. नाहीतर लहान पॅकेटं एकत्र जोडून पुढे येतात.

एक गोष्ट मात्र कुठल्याच सेटिंगने सुटत नाही. गिगाबिट पोर्ट दोन्ही दिशांनी भरून वाहिला तर मिररमध्ये २ गिगाबिट होतात, बाहेर जायला वाट १ गिगाबिटची. जास्तीचं स्विच गुपचूप टाकतो. सुरिकाटाच्या 'कर्नल ड्रॉप्स'मध्ये (सुटलेल्या पॅकेटांच्या आकड्यात) त्याची नोंद येणारच नाही, कारण ते तिच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. तो आकडा शून्य बघून निर्धास्त होणारे बरेच भेटतात. स्विचवरच्या त्या पोर्टचे काउंटर वेगळे बघावे लागतात. आम्ही अपलिंक (बाकीच्या नेटवर्ककडे जाणारा पोर्ट) वगळून फक्त सीएनसीचे पोर्ट मिररला ठेवलेत.

फायदा झाला का? झाला. एक पीसी रात्री बाहेरच्या सर्व्हरचं नाव विचारत होता. शोधल्यावर रिमोट सपोर्टचं जुनं सॉफ्टवेअर निघालं, ते कोणी टाकलं हे कोणालाच आठवेना. एन्क्रिप्टेड ट्रॅफिकमधला मजकूर अर्थातच दिसत नाही, बहुतेक वेळा सर्व्हरचं नाव तेवढं कळतं. सुरुवातीला खोट्या इशाऱ्यांनी शेठनाही वैताग आला होता. नको ते नियम बंद करत गेल्यावर आता यादी वाचण्याजोगी झालीय.

ज्यांना अख्खं नेटवर्क कार्ड पासथ्रूने थेट व्हीएमला देता येतं, त्यांनी ब्रिजच्या भानगडीत पडूच नये. आमच्या मशीनचे दोन्ही पोर्ट एकाच आयओएमएमयू गटात (असा गट व्हीएमला अख्खाच द्यावा लागतो) आहेत, एक दिला तर होस्टचंच नेट जाईल. वेगळं कार्ड घालायला स्लॉट रिकामा आहे, खरेदीची चिठ्ठी शेठच्या टेबलावर आहे.