जानेवारीतला ‘ताजा’ बेदाणा: चवसहलीच्या नावाखाली आमची झालेली फसवणूक

सांगलीच्या आसपास शेतकऱ्यांकडे नेऊन गूळ, हळद, बेदाणा चाखायला देणाऱ्या एका दिवसाच्या सहलींच्या जाहिराती सध्या फोनवर फिरत आहेत. त्यातल्या एका सहलीत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमचे १५,४०० रुपये गेले. सहलीचं नाव लिहून उपयोग नाही. आम्ही तक्रार करेपर्यंत त्यांनी नाव बदललं होतं, आणि आता तेच फोटो दुसऱ्याच नावाने दिसतात. म्हणून त्यांची पद्धत तरी इतरांना ओळखता यावी, यासाठी सगळं सविस्तर लिहिते आहे.

ठाण्याहून माझी नणंद, तिच्या सासूबाई आणि दोन्ही मुलं आली होती. मुलांना गुऱ्हाळ बघायचं होतं, सासूबाईंना हळद घ्यायची होती. जाहिरातीत सगळंच होतं: गुऱ्हाळावर गरम काकवी, हरिपूरच्या पेवातली हळद, शेडवर ताजा बेदाणा, आणि शेवटी बहे इथे कृष्णेतल्या रामलिंग बेटावर शेतकरी बायकांच्या हातचं जेवण, शिवाय तिथल्याच उत्पादकांचे चवीचे स्टॉल. बहे म्हणजे समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक असलेलं ठिकाण. सासूबाईंचं तिथे जायचं फार दिवसांपासून मनात होतं. माणशी १,८०० रुपये, पाच जणांचे ९,०००. निम्मे आगाऊ, निम्मे गाडीत बसताना. पावती मागितल्यावर फोनवर एक रंगीत शुभेच्छापत्र आलं, ज्यावर ना रक्कम होती ना पत्ता.

हरिपुरात गाडी संगमेश्वराच्या देवळाशी थांबली आणि वाटाड्या म्हणाला, पेवं बघायची परवानगी आज मिळाली नाही. पेवं म्हणजे काय, हेही त्याने मुलांना सांगितलं नाही, ते मीच सांगितलं. जमिनीत खोल खणलेली कोठारं, तोंड अरुंद, आत माणूस उतरेल एवढी जागा. त्यात भरलेली हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यातली बरीच निकामी झाली. ज्या गावाच्या नावावर हा माणूस हळद विकत होता, त्या गावाची एवढी गोष्टही त्याला ठाऊक नव्हती.

तिथून आम्हाला तासगाव रस्त्याला आत वळवून एका कुंपण घातलेल्या प्लॉटवर नेलं. एकाच मोठ्या पत्र्याच्या शेडला तीन बाजूंनी तीन फलक लावले होते: गुऱ्हाळ, हळद केंद्र, बेदाणा शेड. जाहिरातीत हे तीन वेगवेगळ्या गावांतले तीन शेतकरी होते.

बेदाण्यापासून सांगते, कारण खोटं तिथेच उघडं पडलं. आपल्याकडे द्राक्षाची फळछाटणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. तिथून माल तयार व्हायला चार महिने धरा. बेदाण्याला साखर चांगली भरलेली द्राक्षंच लागतात, त्यामुळे शेडवर खरी गडबड फेब्रुवारीपासून पुढे असते. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून रॅकवरच्या जाळीवर सावलीत पसरतात, मग वाळायला साधारण दोन आठवडे जातात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ‘कालच उतरवलेला’ बेदाणा आला कुठून? मी विचारलं तर वाटाड्या लगेच म्हणाला, “आगाप छाटणीचा माल आहे, ताई.” आगाप, म्हणजे लवकर छाटणी करून हंगामाआधी आलेल्या, द्राक्षाला बाजारात खायच्या मालाचा चढा भाव मिळतो. तो सोडून कोण शेतकरी ती वाळवत बसेल?

मी जाळीला हात लावून पाहिला. माल वाळून उतरलेली जाळी चिकट असते, बोटांना रस लागतो, खाली फरशीवर डाग असतात, देठांचा कचरा पडलेला असतो. इथे जाळीवर कोरडी धूळ होती. फक्त सगळ्यात वरच्या कप्प्यावर हिरवा, चकचकीत, एका मापाचा बेदाणा पसरलेला, म्हणजे निवडून, प्रतवारी होऊन आलेला बाजारातला माल. निवडायला बसवलेल्या बाईंना मी हळूच विचारलं, बाग कुठंशी आहे? त्या खाली बघून म्हणाल्या, “ताई, आम्हाला आज हजेरीवर बोलावलंय. बागेचं आम्हाला काय म्हाईत नाही.” त्यांच्यावर माझा काडीचा राग नाही. वाटाड्या मात्र मघाशी त्यांचीच ओळख ‘आपल्या शेतकरी मावशी’ म्हणून करून देत होता.

गुऱ्हाळाची तर कमाल होती. माझं माहेर ऊस पिकवणारं, गुऱ्हाळावर लहानपणी रात्री काढल्या आहेत. चालू गुऱ्हाळ लांबूनच कळतं. रसाचा वास येतो, चिपाडांचे ढीग वाळत पडलेले असतात, चुलवणातून धग येते आणि माश्या-गांधीलमाश्यांनी नको केलेलं असतं. इथे एकही माशी नव्हती. काहीलीत तळाला थोडं गोड पाणी उकळत होतं, खाली गॅसची शेगडी. चरकाच्या लाटांवर गंज. मळी, म्हणजे उकळत्या रसावरचा मळ, काढणारा गुळव्या (गूळ करणारा कारागीर) म्हणून उभा केलेला मुलगा काहीलीत नुसतंच फावडं फिरवत होता. मळी वर यावी म्हणून रसात काय घालता, एवढंच विचारलं. जुने गुळवे भेंडीच्या झाडांचा चिकट रस घालतात, हे ज्याने एक हंगाम काढला तोही सांगेल. तो वाटाड्याकडे बघायला लागला. धाकटा भाचा शेडच्या मागे गेला होता, तो पळत येऊन म्हणाला, “मामी, तिकडे गुळाची खोकी आहेत, दुकानात असतात तशी.” जाऊन पाहिलं तर परराज्यातल्या पत्त्याचे स्टिकर अर्धवट खरवडलेली खोकी रचून ठेवली होती.

तोपर्यंत नणंदेने आणि सासूबाईंनी खरेदी केली होती. हळद, बेदाणा, गूळ, काकवीच्या बाटल्या मिळून ६,४०० रुपये. मी पैसे परत मागितले. वाटाड्याने आवाज चढवला, चाखायला दिलेल्या मालाचे वेगळे पैसे लागतील म्हणाला, आणि गाडी त्याचीच होती. सोबत वयस्कर बाई आणि मुलं असताना आडरानात वाद वाढवायचा नाही असं आम्ही ठरवलं. हेही ते लोक हेरून ठेवतात. बेटावर तर आम्हाला नेलंच नाही. ‘वेळ संपली’ म्हणून महामार्गावरच्या ढाब्यावर जेवायला घातलं. सासूबाई परतीच्या वाटेवर गप्प होत्या, ते मला पैशापेक्षा जास्त लागलं.

घरी आल्यावर पाकिटं नीट पाहिली. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना किंवा नोंदणी क्रमांक १४ आकडी असतो. हळदीच्या पाकिटावर छापलेला क्रमांक १३ आकडी होता. उत्पादकाचा पत्ता म्हणून नुसतं ‘सांगली’. पॅकिंगची तारीख नाही. वर मात्र ठळक अक्षरात ‘जीआय मानांकित’. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं हे खरं आहे, पण ते मानांकन आपल्या मालावर लावायला त्या उत्पादकाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. कोणीही स्टिकर छापून चालत नाही. चमचाभर पूड ग्लासभर पाण्यात टाकली. चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. इथे पाणी गडद पिवळं झालं आणि तसंच राहिलं. ही घरगुती परीक्षा आहे, प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे. पण ती पूड आम्ही स्वयंपाकात घातली नाही. पाकीट सीलबंद डब्यात पुरावा म्हणून ठेवलं आहे.

बँकेच्या नोंदी काढल्या तेव्हा आगाऊ रक्कम एका व्यक्तीच्या खात्यात, गाडीतली दुसऱ्याच्या आणि खरेदीची तिसऱ्याच्याच खात्यात गेलेली दिसली. सहलीच्या नावाचं खातं कुठेच नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोन लागेना.

आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. हा फोन जितका लवकर कराल तितकी समोरच्या खात्यातली रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त. आमचा एक दिवस गेल्याने आगाऊ रक्कम आधीच काढून घेतलेली होती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद केली. ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. अडचण एवढीच की तिथे समोरच्याचं नाव आणि पत्ता लागतो, आणि आमच्याकडे फक्त खात्यांची नावं आहेत. ते शोधणं पोलिसांच्या हातात आहे, त्यासाठी लेखी अर्ज दिला आहे.

मला याची चीड येते ती आपल्या शेतकऱ्यांसाठी. पूर, अवकाळी, पडलेला भाव सोसून ज्यांनी सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला नाव मिळवून दिलं, त्यांच्या नावावर ही माणसं परराज्यातला गूळ आणि रंगवलेली पूड विकतात. नणंद आता ठाण्यात चार जणींना सांगेल की सांगलीचा माल खोटा असतो. तिची काय चूक?

कुणाला अशी सहल घ्यायचीच असेल, तर पैसे भरण्याआधी शेतकऱ्याचं आणि गावाचं नाव मागा आणि त्या शेतकऱ्याशी थेट फोनवर बोला. खरा उत्पादक दोन मिनिटांत सांगेल की त्याच्याकडे सध्या काय चालू आहे आणि काय नाही. डिसेंबर-जानेवारीत ताजा बेदाणा दाखवतो म्हणणाऱ्याला तिथेच नकार द्या. पैसे ज्या नावावर जाणार ते नाव पैसे पाठवण्याआधी वाचा, सहलीच्या नावाशी जुळत नसेल तर थांबा. गाडी स्वतःची ठेवा, म्हणजे हवं तेव्हा निघता येतं.

आणि ज्यांनी या हिवाळ्यात सांगलीजवळ अशी एकाच शेडमधली ‘तीन गावं’ पाहिली असतील, त्यांनी रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. व्यवहाराचे स्क्रीनशॉट, पाकिटं आणि गाडीचा नंबर जपून ठेवा आणि स्वतःची वेगळी तक्रार नोंदवा. तेच खाते क्रमांक अनेक तक्रारींत आले, तर पोलिसांना त्या खातेदारांपर्यंत पोचायला सोपं जाईल, असं आमचा अर्ज घेणाऱ्या हवालदारांनी आम्हाला सांगितलं आहे.